सूर्य डोक्यावर, पेचकस हातात

माझ्या बहुतेक फजित्यांचं उगमस्थान जमिनीपासून साधारण ६० ते ५०० किलोमीटर उंचीवर आहे. इतरांची फजिती घरात होते, कचेरीत होते, फार तर सासुरवाडीत होते. तिथे जाऊन ती निस्तरता तरी येते. माझी जिथे होते तिथे एसटी जात नाही.

त्या पट्ट्याला आयनांबर म्हणतात. सूर्याकडून येणारे अतिनील किरण आणि क्ष-किरण तिथल्या अणुरेणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात आणि हे मोकाट सुटलेले इलेक्ट्रॉन खालून आलेल्या रेडिओलहरींना वळवून परत जमिनीकडे धाडतात. तिथलं तापमान वरच्या भागात हजार अंशांच्या पुढे जातं, पण हवा इतकी विरळ की उकडण्याचा प्रश्नच नाही. सोलापूरच्या माणसाला ही गोष्ट पटायला वेळ लागतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो आणि तो प्रत्येक अंश स्वतंत्रपणे जाणवतो.

या पट्ट्याने मला पहिला इंगा दाखवला तो जुलै १९७९ मध्ये. अमेरिकेची स्कायलॅब, म्हणजे सुमारे ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा, खाली येणार होती आणि नेमकी कुठे येणार ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. आमच्या गावाने ती आमच्याच डोक्यावर पडणार असं एकमताने ठरवून टाकलं. लोकांनी कोंबड्या कापल्या, रुसलेले भाऊ एका पंगतीत बसले. मी नुकताच कॉलेजात गेलेला, म्हणजे गावातला शास्त्रज्ञच. स्टँडवरच्या हॉटेलात माझी चहा-भज्यांची उधारी साठली होती. मालकाला मी वेग, वस्तुमान, आघात वगैरे शब्द वापरून पटवलं की चार दिवसांनी हॉटेल, वही आणि गिऱ्हाईक यांपैकी काहीच उरणार नाही; तेव्हा वसुलीचा विचार सोडा आणि आणखी एक प्लेट द्या. त्याने दिली. ११ जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखरून पडली. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने जागा घाण केल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला. आमच्या हॉटेलवाल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या हातात वही ठेवली. नासा त्या वेळी दंड न भरता सुटली. मला ती सवलत मिळाली नाही.

या प्रकरणातला खरा आरोपी सूर्य होता. स्कायलॅब आणखी काही वर्षं वर टिकेल असा मूळ हिशेब होता. पण त्या वर्षांत सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, वरची हवा तापून फुगली, स्कायलॅबच्या वाटेत आली, आणि त्या घर्षणाने तिचा वेग खाऊन टाकला. बरं, माणूस यातून शिकला म्हणावं तर ३ फेब्रुवारी २०२२ ला स्टारलिंकचे ४९ उपग्रह वर गेले आणि एका मध्यम चुंबकीय वादळात फुगलेल्या हवेने त्यांतले सुमारे ४० गिळले. त्यामुळे सूर्याचा अंदाज चुकणाऱ्यांच्या यादीत मी एकटा नाही, एवढं समाधान आहे. त्या यादीतल्या इतरांकडे इंजिनिअर असतात, इतकाच फरक.

खरं तर आयनांबराशी आमच्या घराण्याचा संबंध स्कायलॅबच्याही आधीचा. दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागायची. लघुलहरींवरून, म्हणजे आयनांबराला धडकून. अमीन सायानी पहिल्या पायदानवर कोणतं गाणं आहे ते सांगणार, एवढ्यात आवाज खोल विहिरीत जायचा. वडील उठायचे आणि रेडिओच्या डाव्या बाजूला एक सणसणीत थापटा मारायचे. आवाज परत यायचा. याचा अर्थ घरात सगळ्यांनी एकच काढला होता: थापटा लागू पडतो. वस्तुस्थिती अशी की एकच लहर आयनांबरातून दोन-तीन वाटांनी येते, तो थर सतत वरखाली होत असतो, त्यामुळे त्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. आवाज जातो तसाच आपोआप येतो. म्हणजे दोष आकाशाचा आणि मार खोक्याला. ही परंपरा मी पुढे निष्ठेने चालवली.

निवृत्तीनंतर मला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी मंडळींच्या रेडिओ-संभाषणाचा, नाद लागला. सरकारी परीक्षा दिली. मोर्स लागत नाही ती खालची श्रेणी निवडली, कारण कट्ट-कडकट्ट करायचं वय गेलं असं मी सांगतो, आणि ते कधीच जमलं नसतं असं हिने सांगून ठेवलं आहे. व्हीयू३ ने सुरू होणारं स्वतःचं सांकेतिक नाव हातात आलं तेव्हा मी पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं नातू झाला. मग गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल चढवला. ही दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरची तांब्याची तार. १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीने न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर पतंगाने तार उंच नेली आणि अटलांटिकपलीकडून आलेले मोर्सचे तीन ठिपके ऐकले. आमच्याकडे वारा कमी, म्हणून मी बांबू वापरला. तो पाण्याच्या टाकीला बांधला, तारेचं एक टोक जिन्याच्या खोलीला आणि दुसरं शेजारच्या अण्णांच्या कठड्याला.

मार्कोनीला समुद्र आडवा आला होता, मला वाळवण आलं. एप्रिल-मे म्हणजे गच्चीवर कुरडया, सांडगे आणि पापडांचं राज्य. पहिल्याच आठवड्यात हिने विचारलं, “अहो, एवढी लांब तार नुसती रिकामीच राहणार का?” आणि मी उत्तर देईपर्यंत तारेवर ओली नऊवारी पडली. ओल्या साडीने तारेचा मेळ बिघडतो, मीटरचा काटा भलतीकडे जातो, हे मी तिला आकृती काढून समजावलं. तिने आकृतीचा कागद उडू नये म्हणून त्यावर सांडग्याचं ताट ठेवलं. पुढे एकदा मी “सी क्यू, सी क्यू” असा पुकारा केला आणि तो कोपऱ्यावरच्या मांडवातल्या लाउडस्पीकरमधून, कुणालाही न कळणाऱ्या आवाजात, भर सत्यनारायणाच्या कथेत उमटला. भटजी थांबले. यजमानांनी हात जोडले. तिथे प्रसाद घ्यायला मी गेलो नाही.

आता थोडं थरांविषयी सांगतो, कारण पुढच्या प्रकरणात त्यांची साक्ष लागणार आहे. सर्वांत खाली डी, त्यावर ई, आणि त्यावर एफ, ज्याचे दिवसा एफ-१ आणि एफ-२ असे दोन भाग पडतात. ही अक्षरं इंग्लंडच्या एडवर्ड ॲपलटनने दिली. १९२४ मध्ये त्याने आयनांबराचं अस्तित्व प्रयोगाने दाखवलं आणि १९४७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आणखी खाली काही सापडलं तर असावीत म्हणून त्याने ए, बी आणि सी ही अक्षरं राखून ठेवली. मोठा दूरदृष्टीचा माणूस. मी निवृत्तीनंतरसाठी काय काय राखून ठेवलं होतं ते विचारू नका. एफ थर उंचावर, विरळ हवेत. तिथे सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत जोडीदार भेटायला वेळ लागतो, म्हणून तो रात्रभर टिकतो आणि लांबच्या लहरी पोचवतो. डी थर साधारण ६० ते ९० किलोमीटरवर. तिथे हवा त्या मानाने दाट. लहरीच्या तालावर इलेक्ट्रॉन हलायला लागला की लगेच शेजारच्या रेणूवर आपटतो आणि लहरीची ताकद तिथल्या तिथे जिरते. डी थर म्हणजे दिवसपाळीचा वॉचमन: ऊन आहे तोवर जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवणार, सूर्य मावळला की डबा उचलून घरी. मध्यमलहरींवर लांबची स्टेशनं रात्रीच का लागतात, त्याचं कारण हेच.

आणि एक साक्षीदार जमिनीवरचा: अण्णांचे यंत्रमाग. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये माग चालू झाले की मोटारींचा खरखराट विजेच्या तारांतून, हवेतून, मिळेल त्या वाटेने माझ्या रेडिओत शिरतो. आमच्या हॅम मंडळींत अशा मानवनिर्मित गोंगाटाला क्यू आर एम म्हणतात. मी त्याला अण्णा म्हणतो. मुंबईत कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला असाच त्रास झाला होता. घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हा १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. हा दाखला मी अण्णांना ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, “मग काका, तुम्ही कधी जायलाव अलिबागला?”

या पार्श्वभूमीवर उगवली १० मे २०२४. शुक्रवार, अक्षय्य तृतीया. या दिवशी सुरू केलेल्या गोष्टीचा क्षय होत नाही म्हणतात. शिवाय सोलापुरात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचे दिवस हेच. मी कॉलनीतल्या पोरांसाठी दुहेरी कार्यक्रम जाहीर केला: आधी शून्य सावली, मग रेडिओवरून बेळगावच्या मित्राशी गप्पा. सुट्टी लागलेली, त्यामुळे पोरं भरपूर जमली. काही पालकही आले, कारण हिने कैरीचं पन्हं ठेवलं होतं. विज्ञानप्रसारात पन्ह्याचं स्थान मोठं आहे.

बाराच्या आधी सगळं झकास होतं. बेळगावकर मित्राचा आवाज घंटेसारखा खणखणीत. त्यांनी माझ्या आवाजाला फाइव्ह-नाइन म्हणजे पैकीच्या पैकी गुण दिले, ते मी मुद्दाम त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतले. मग मी पोरांना सूर्यावर दोन शब्द सांगितले. सूर्य हा वेळेचा पक्का, शिस्तीचा, सर्वांना समान वागवणारा. त्याच्याकडून आपण शिकलं पाहिजे, असं बरंच काही. निवृत्त माणसाला श्रोते मिळाले की सूर्यही निबंधाचा विषय होतो. तिकडे ओळीने ठेवलेल्या बाटल्या आणि स्टीलच्या पेल्यांच्या सावल्या आखडत आखडत त्यांच्या बुडाखाली शिरत होत्या.

सव्वाबाराच्या सुमारास मित्राचा आवाज बुडायला लागला. मी बटण फिरवलं. आणखी बुडाला. मी पोरांकडे बघून आत्मविश्वासाने हसलो. बारा वाजून तेवीस मिनिटांनी पेल्यांची सावली गेली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बेळगावकरांना ही बातमी द्यायला माइक उचलला तर पलीकडे कुणीच नाही. बेळगाव नाही, हैदराबाद नाही, बँडवर एरवी कायम असणारी आकाशाची सळसळसुद्धा नाही. फक्त अण्णांचे माग. सणासुदीलाही चालू. खर्र, खर्र, खर्र.

मी आधी रेडिओला डाव्या बाजूने थापटा मारला. रक्तातच आहे ते. उपयोग झाला नाही म्हणून पेचकस मागवला. पोरांना म्हटलं, “बघा, खरं विज्ञान आता सुरू होतं.” पहिला संशय केबलच्या कनेक्टरवर, तो उघडून पुन्हा जुळवला. मग मीटर पाहिलं. मीटर म्हणत होतं की अँटेना ठणठणीत आहे. मीटरच बिघडलं असणार हे उघड होतं, म्हणून मीटर उघडलं. एका चपळ पोराला टाकीवर चढवून बांबूवरचा जोड सोडवला. तो सुटताना तार कुरडयांवर पडली. हिने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याला फाइव्ह-नाइन. मग पॉवर सप्लायचं झाकण काढलं. सोल्डरिंग आयर्न तापवायची गरज नव्हती, गच्चीवरची फरशीच ते काम करत होती.

एवढ्यात अण्णांची सातवीतली मुलगी म्हणाली, “काका, रेडिओ बिघडला असेल तर आमच्या मागाचा आवाज कसा येत होता?”

मी तिला सांगितलं की हा विषय पुढच्या इयत्तांत येतो.

दीड वाजता बेळगावहून मोबाइलवर फोन आला. मोबाइलचं संभाषण जमिनीवरच्या टॉवरवरून चालतं, ते आयनांबराच्या भानगडीत पडत नाही. “अहो, कुठं गायब झालात? बँड केव्हाचा उघडला की! तुमच्या सेटचं काय नव्हतं हो ते, सूर्याचं होतं. एक्स क्लासची ज्वाला फुटली.” मी गच्चीकडे नजर टाकली. रेडिओ, मीटर आणि पॉवर सप्लाय यांचे सुटे भाग वर्तमानपत्रावर पसरले होते, काही स्क्रू पन्ह्याच्या पातेल्याजवळ होते. सूर्याने साऱ्या आशिया खंडाला बँड परत दिला होता. बंद राहिलो होतो तो फक्त मी.

नंतर वाचलं ते असं. सूर्यावरच्या १३६६४ क्रमांकाच्या डागसमूहातून एक्स-३.९ तीव्रतेची ज्वाला उसळली आणि तिचा कळस आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी १२ वाजून २४ मिनिटांनी झाला. सौरज्वालांचे ए, बी, सी, एम आणि एक्स असे चढते वर्ग आहेत. एक्स सर्वांत वरचा. तिचे क्ष-किरण डी थरात घुसले आणि तिथे इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी उसळली की खालून येणारी लघुलहर वर जाताना आणि परत येताना दोन्ही वेळा गिळली गेली. उजेड असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर हा मार बसतो, पण सर्वांत जोरात बसतो तो जिथे सूर्य थेट माथ्यावर असेल तिथे. मी कागद-पेन्सिल घेऊन त्या मिनिटाला सूर्य कुठे माथ्यावर होता ते काढलं. अक्षांश १७.७७ उत्तर, रेखांश ७५.६ पूर्व. नकाशात पाहिलं. सोलापूरपासून पस्तीसेक किलोमीटर. हिला सांगितलं, “या ज्वालेचा जगातला सर्वांत मोठा फटका आपल्या भागाला बसला.” ती म्हणाली, “कुरडयांना बसला.”

याची आगाऊ सूचना मिळाली असती का? नाही. भारताचं आदित्य एल-१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसून अखंड सूर्याकडे पाहत असतं. २ सप्टेंबर २०२३ ला ते निघालं, ६ जानेवारी २०२४ ला जागेवर पोचलं, आणि त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाने उभी केली आहे. पण ज्वालेचा प्रकाश आणि तिचे क्ष-किरण एकाच वेगाने येतात, सव्वाआठ मिनिटांत. बातमी आणि मार बरोबरच पोचतात. सूर्याने उधळलेल्या वायूच्या ढगांची गोष्ट निराळी. त्यांना एक ते तीन दिवस लागतात, आणि वाटेत आधी हे यान लागतं.

असे काही ढग ८ मेपासून निघालेले होतेच. १० मेच्या रात्री साडेदहानंतर ते पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर आदळले आणि तोवरच्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ सुरू झालं. दुपारी तोंडघशी पडलेल्या माणसाला रात्री दुसरी संधी मिळाली तर तो ती सोडत नाही. मला एक जुनी नोंद ठाऊक होती: ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात मुंबईहूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याचं तेव्हाच्या वृत्तपत्राने छापलं होतं. आणि १ सप्टेंबर १८५९ ला रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर जी ज्वाला पाहिली, तिच्यामागून आलेल्या वादळात कुलाब्याच्या चुंबकमापकाने सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट टिपली होती. जगभरचे अभ्यासक आजही तो आकडा समोर ठेवून त्या वादळाचं मोजमाप करतात. मुंबईला हे सगळं मिळतं तर सोलापूरने काय घोडं मारलंय?

मी गच्चीवर खुर्ची टाकून उत्तरेकडे तोंड करून बसलो. अकराच्या पुढे क्षितिजावर खरोखरच तांबूस उजेड दिसू लागला. २०० किलोमीटरच्या वर ऑक्सिजनचे अणू असाच लाल प्रकाश देतात, हे मी वाचलेलं. तो उजेड हलत होता, कमीजास्त होत होता, मधूनच त्यात हिरवी छटा येत होती. सगळं पुस्तकाबरहुकूम. मी हिला उठवलं, अण्णांना उठवलं, दुपारच्या पोरांच्या घरी फोन केले. बघता बघता सगळी कॉलनी गच्च्यांवर. मी चढ्या आवाजात माहिती देत होतो. लोक भारावले होते. एका आजींनी नमस्कार केला. तेवढ्यात त्या उजेडाच्या दिशेने डीजेचा ठोका ऐकू आला. अक्षय्य तृतीया, लग्नाची मोठी तिथ. अक्कलकोट रोडपलीकडच्या मंगल कार्यालयात स्वागतसमारंभ रंगात आला होता आणि त्यांनी लेझरचे दिवे भाड्याने आणले होते. लोक खाली गेले. जाताना अण्णा म्हणाले, “काका, मुंडावळ्या दिसल्या तर कळवा.” त्या रात्री ध्रुवीय प्रकाश भारतात दिसला हे मात्र खरं: लडाखमध्ये, हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यात, उत्तरेच्या क्षितिजालगत लाल पट्टा. दुसऱ्या दिवशी तो फोटो मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. कुणीही अंगठा दाखवला नाही.

यानंतर मी शहाणा झालो, म्हणजे काहीही बिघडलं की सूर्याला धरू लागलो. टीव्हीला मुंग्या आल्या: सौरडाग. पाणी उशिरा आलं: अकरा वर्षांच्या चक्राचा कळस. एका लग्नाला मोबाइलच्या नकाशावर भरवसा ठेवून गेलो आणि भलत्याच कार्यालयात शिरलो. आहेराचं पाकीट दिलं, आमरस-पुरी जेवलो, वधूच्या मामांशी जुन्या ओळखी काढल्या, आणि बाहेर पडताना फलकावरची नावं वाचली. हिला मी समजावलं की जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटरवर असतात, त्यांचा संदेश आयनांबरातून येताना रेंगाळतो. त्यातून आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ. ते विषुववृत्त केरळातल्या थुंब्याजवळून जातं, म्हणूनच १९६३ मध्ये अग्निबाणांसाठी ती जागा निवडली. तिथून दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना येऊन पडतात, म्हणून भारतावरचं आयनांबर जगातल्या सर्वांत द्वाड आयनांबरांपैकी एक आहे. हे सगळं खरं आहे. पण त्याने होणारी चूक काही मीटरची असते, फार खवळलं तर काही दहा मीटरची. मी दोन किलोमीटर चुकलो होतो. हिने फक्त पाकिटात किती होते ते विचारलं.

जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला आणि रेडिओ पुन्हा मुका झाला. या वेळी मी पेचकसाला हातही लावला नाही. येईल त्याला सांगितलं, सूर्य अजून खवळलेला आहे, धीर धरा. बेळगावकरांचे फोन यायचे, “अहो, बँड उत्तम आहे, कुठं आहात?” मी म्हणायचो, “तुमच्याकडे असेल. इकडे डी थर फार दाट आहे.” डी थर रात्री नसतो हे मला पाठ होतं, तरी रात्रीच्या शांततेचीही मी काही ना काही व्यवस्था लावत होतो. ही व्यवस्था बरेच दिवस टिकली. मग एका संध्याकाळी अण्णांची ती मुलगी वर आली, कानाला हेडफोन लावला आणि म्हणाली, “काका, आता तर माग पण ऐकू येत नाहीत.”

शेडमधले माग तर धडधडत होते. मी शिडी लावली. कनेक्टरमध्ये पाणी शिरून आतला तांब्याचा गाभा हिरवा पडला होता. तो कनेक्टर मीच, १० मेच्या दुपारी, सूर्याची शिक्षा त्याला देताना, रबरी टेप न गुंडाळता घाईने बसवला होता.

हल्ली शाळांत आणि ज्येष्ठ नागरिक संघात मला ‘सूर्य आणि आपण’ या विषयावर बोलायला बोलावतात. तिथे मी अण्णांच्या मुलीचा नियम सांगतो. माझा म्हणून सांगतो. ती अजून लहान आहे, तिला पुढे बरेच नियम सापडतील. नियम असा: रेडिओवरून दूरची स्टेशनं गेली पण शेजारचा माग, मिक्सर, पाण्याची मोटार ऐकू येत असेल, तर तुमची तार शाबूत आहे, पेचकस खाली ठेवा, पन्हं प्या, तासा-दोन तासांत आकाश आपोआप मोकळं होईल. आणि मागही ऐकू येत नसेल, तर पंधरा कोटी किलोमीटरवरच्या सूर्याला उगाच बोल लावू नका. मुकाट्याने शिडी लावा, आणि वर जाताना रबरी टेप न्यायला विसरू नका.